पेटी माळ्यावर का जाते?

अंबडला दत्तजयंतीच्या निमित्ताने संगीताचा उत्सव भरतो. त्यात मोठमोठे गवई आणि वादक येतात आणि गावातील मुले त्यांची बोटे अगदी जवळून पाहतात. उत्सव संपला की आठ-पंधरा दिवसांत कोणाच्या तरी घरी तबल्याची जोडी येते, कोणी मुलीला पेटीच्या शिकवणीला घालते. मार्गशीर्षात सुरू झालेले हे वादन संक्रांतीपर्यंत जोरात चालते. महाशिवरात्रीच्या सुमारास त्याचा आवाज मंदावतो. वार्षिक परीक्षा जवळ आली म्हणजे पेटीवर आधी फडके येते, मग वह्या-पुस्तके येतात आणि शेवटी पेटी माळ्यावर जाते. ‘मुलात चिकाटी नाही’ असा निकाल घरात दिला जातो आणि प्रकरण मिटते.

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याला हा निकाल पटणे कठीण आहे. पाण्याचा पंप बंद पडला तर ‘पंपात चिकाटी नाही’ असे आपण म्हणत नाही. वीज येते की नाही, विहिरीत पाणी आहे की नाही, वॉशर झिजला आहे काय, हे पाहतो. रियाज बंद पडला तर तेथेही असेच पाहता येईल काय? गेल्या सव्वाशे वर्षांत शास्त्रज्ञांनी असे पुष्कळ पाहिले आहे. त्यातील काही गोष्टी आपण समजून घेऊ.

समजा, एका मुलीला ‘सारेग, रेगम, गमप’ हा अलंकार आरोह-अवरोहासह न चुकता वाजवायला पहिल्या दिवशी ४० सेकंद लागले. सरावाने वेळ कमी होत जातो, पण तो कसा कमी होतो हे महत्त्वाचे आहे. हाताच्या अनेक कौशल्यांत असे आढळून आले आहे की, सराव दुप्पट झाला म्हणजे लागणारा वेळ साधारण एका ठरावीक प्रमाणात घटतो. आपल्या उदाहरणात हे प्रमाण पाचास चार धरू. मग दुसऱ्या दिवशी ३२ सेकंद, चौथ्या दिवशी २५.६, आठव्या दिवशी सुमारे २०.५, सोळाव्या दिवशी १६.४, बत्तिसाव्या दिवशी १३.१ आणि चौसष्टाव्या दिवशी १०.५ सेकंद लागतील.

आता हे आकडे जरा बारकाईने पहा. पहिल्या आठ दिवसांत वेळ जवळजवळ निम्मा झाला. घरातले म्हणाले, ‘पोरीच्या हातात कला आहे!’ पण बत्तिसाव्या दिवसापासून चौसष्टाव्या दिवसापर्यंत, म्हणजे महिनाभर रोज बसूनही, फरक पडला तो अवघ्या २.६ सेकंदांचा. दिवसाला सेकंदाचा दहावा भागसुद्धा नाही! शिवाय कोणाचेही वादन रोज सारखे नसते. थंडीने बोटे आखडलेली असतात, रात्री जागरण झालेले असते, शेजारी मिक्सर चालू असतो. अशा कारणांनी एक-दोन सेकंदांचा चढउतार रोजच होतो. प्रयोगशाळेत आपण म्हणतो की, मोजायची राशी मोजमापातील चुकीपेक्षा लहान असेल तर ती दिसणारच नाही. या मुलीची प्रगती चालू आहे, पण ती रोजच्या चढउतारात बुडून गेली आहे. तिला वाटते, आपण थांबलो. एखाद्या दिवशी तर वाटते, उलट बिघडलो.

हीच मोजमापे साध्या आलेख कागदावर मांडली तर रेषा आधी कड्यासारखी उतरते आणि मग सपाट होत जाते. दोन्ही अक्षांवर लघुगणक असलेल्या कागदावर तेच आकडे मांडून पहा. बिंदू एका सरळ रेषेत येतात आणि रेषेचा उतार सुमारे उणे ०.३२ निघतो. या रेषेत कोठेही थांबा नाही. क्रॉसमन या इंग्रज संशोधकाने १९५९ साली चिरूट वळणाऱ्या कामगारांच्या वेगाचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. लाखो चिरूट वळून झाल्यावरही हात सुधारतच होता. अखेर वेग अडला तो हातामुळे नव्हे, तर यंत्राच्या स्वतःच्या गतीमुळे.

मात्र सगळे शिकणे एवढे गुळगुळीत नसते. ब्रायन आणि हार्टर या दोघा अमेरिकन संशोधकांनी १८९७ आणि १८९९ साली तारायंत्र शिकणाऱ्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. (आपल्याकडील तारसेवा २०१३ साली बंद झाली, तेव्हा आजच्या विद्यार्थ्यांना ‘कट्ट-कड’ आठवणार नाही. आजोबांना विचारा.) तार पाठवण्याचा वेग नियमाने वाढत गेला. तार ऐकून उतरवून घेण्याचा वेग मात्र मधेच कित्येक आठवडे एका जागी राहिला आणि मग पुन्हा चढला. या सपाट भागाला त्यांनी पठार म्हटले. आपण दख्खनच्या पठारावर राहणारी माणसे. पठार म्हणजे काय, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

त्यांचे स्पष्टीकरण असे होते. नवशिक्या आधी एकेक अक्षर ऐकतो. पुढे अक्षरांचा मिळून शब्द एकदम कानावर येऊ लागतो, आणि नंतर शब्दांचे समूह. खालची पायरी पूर्णपणे अंगवळणी पडेपर्यंत वरच्या पायरीवर पाय ठरत नाही, आणि तोवर वेग अडून राहतो. तबला शिकणाऱ्याला हे लगेच पटेल. ‘ति’, ‘र’, ‘कि’, ‘ट’ ही आधी चार निरनिराळी कामे असतात. एके दिवशी ‘तिरकिट’ हे एकच काम होते आणि मग कायदा पळू लागतो. पुढील संशोधकांना असे पठार दर वेळी सापडले नाही. केलर या मानसशास्त्रज्ञाने तर १९५८ मध्ये त्याला भुताची उपमा दिली. तेव्हा पठार हा काही न्यूटनचा नियम नव्हे. पण ज्याला ते भेटते, त्याला ते भूत वाटत नाही.

बक्षिसाचे विचित्र गणित

रियाज सुटण्याचे दुसरे कारण याहून नाजूक आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी एक प्रयोग केला व तो १९७३ साली प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांची जी मुले आपण होऊन रंगीत पेनांनी चित्रे काढण्यात रमत होती, तीच त्यांनी निवडली. त्यांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितले की, चित्र काढले तर सोनेरी शिक्का आणि लाल फीत असलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला तसेच प्रशस्तिपत्र मिळाले, पण न सांगता, चित्र झाल्यावर. तिसऱ्याला काहीच मिळाले नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेने वर्गात नुसती मांडून ठेवली आणि कोणते मूल त्यांच्याशी किती वेळ खेळते हे लपून पाहिले. बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ पेनांकडे फिरकली! अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती.

म्हणजे बक्षीस वाईट नव्हे. ‘अमुक मिळेल म्हणून हे करतो’ अशी मनाची समजूत झाली की घोटाळा होतो. मग ते अमुक मिळाल्यावर करण्याचे कारणच संपते.

आता आपल्याकडे पाहू. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. पुढे १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा त्याच्या परीक्षांनी संगीत शिक्षणाला शिस्त लावली. राजदरबारी गवयाच्या घरी वर्षानुवर्षे पाणी भरल्याशिवाय जे मिळत नसे, ते तालुक्याच्या गावातील मुलामुलींच्या हाती आले. हे उपकार थोडे नाहीत. पण अलीकडे शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी दहावीला वाढीव गुण मिळू लागले, आणि काही घरांत पेटीचा सगळा हिशेब त्या गुणांशी येऊन ठेपला. गुणपत्रिका हाती पडते त्या महिन्यात किती पेट्या माळ्यावर जातात, हे शिकवणी घेणाऱ्या कोणत्याही गुरुजींना विचारून पहावे. मंडळाला दोष देण्याचे कारण नाही. परीक्षा हा रस्त्यावरचा मैलाचा दगड आहे. तेथेच मुक्काम करायचा असे आपण ठरवले.

अल्बर्ट आइन्स्टाइन सहाव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत व्हायोलिन शिकत होता. त्याची आई उत्तम पियानो वाजवत असे. पण शिक्षकांची शिकवण्याची रीत यांत्रिक असल्याने त्यात आपले मन लागले नाही, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. तेराव्या वर्षाच्या आसपास तो मोझार्टच्या सोनाटांच्या प्रेमात पडला. त्या आपल्याला वाजवता याव्यात एवढ्यासाठी त्याने आपले तंत्र सुधारले, आणि खरे शिकणे तेथून सुरू झाले. व्हायोलिन तेच, बोटे तीच, घरही तेच. बदलली ती वाजवायची वस्तू. अलंकार वाजवून कंटाळलेल्या मुलाला त्याच्या आवडीचे एखादे भजन किंवा नाट्यगीत बसवायला दिले, तर गुरुजींचा अभ्यासक्रम बुडतो असे मला वाटत नाही.

रेडिओने पेटी बंद केली तेव्हा

जालन्यात १९२२ साली जन्मलेले आप्पा जळगावकर पुढे देशातील अग्रगण्य पेटीवादक झाले. त्यांचे सुरुवातीचे शिक्षण गायनाचे. पेटी नंतर आली. भीमसेन जोशी यांच्यासारख्या गवयांना त्यांनी साथ केली आणि २००० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २००९ साली ते निवर्तले. हा पुरस्कारांचा भाग बाजूला ठेवून त्यांच्या तरुणपणीचा काळ डोळ्यांसमोर आणा. ते अठरा वर्षांचे होत होते, तेव्हा १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटी वाजवायला बंदी केली! ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते हे खरे, पण देशभरातील पेटीवाल्यांना संदेश एकच गेला: तुमचे वाद्य हिंदुस्थानी संगीताला लायक नाही.

या बंदीमागे काही पदार्थविज्ञानही होते. पेटीचा स्वर पट्टीवर पक्का बांधलेला असतो, म्हणून एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तीत निघत नाही. दुसरे असे की, पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. षड्जाची कंपने सेकंदाला २४० धरली तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा गांधार षड्जाच्या सव्वापट, म्हणजे ३०० कंपनांचा येतो. पेटीचा गांधार मात्र सुमारे ३०२.४ कंपनांचा असतो. फरक किरकोळ दिसतो. पण तंबोऱ्याच्या षड्जाचा पाचवा उपस्वर १२०० चा, आणि पेटीच्या गांधाराचा चौथा उपस्वर सुमारे १२०९.५ चा. दोन्ही एकदम वाजले म्हणजे सेकंदाला नऊ-दहा ठोके पडतात आणि तयार कानाला ते टोचतात. रेडिओतील इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये पेटीविरुद्ध लिहिले होते, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनाही ती मान्य नव्हती. याच अडचणीवर सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच बावीस श्रुतींची पेटी करून उपाय शोधला होता. ती शास्त्राला धरून होती, पण वाजवायला अवघड, म्हणून रूढ झाली नाही.

आता प्रश्न असा की, एकतीस वर्षे रेडिओचे दार बंद असताना महाराष्ट्रातील पेटीवाल्यांनी रियाज का सोडला नाही? माझे उत्तर असे की, त्यांना वाजवायला जागा होती. नाटके होती, गावोगावची कीर्तने होती, भजने होती, घरगुती मैफली होत्या. बोट पडले की समोरच्या माणसाच्या मानेवर त्याचा परिणाम दिसत होता. वुल्फ्रॅम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूवर प्रयोग करून १९९७ साली मांडलेली उपपत्ती येथे उपयोगी पडते. माकडाला अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की मेंदूतील डोपामिन सोडणाऱ्या पेशी जोराने चेततात. रस येणार हे खुणेवरून कळू लागले की त्या खुणेलाच चेततात, रसाला नाही. आणि खूण होऊनही रस आला नाही तर नेहमीपेक्षा मंद होतात. थोडक्यात, या पेशी मिळाले किती यापेक्षा अपेक्षेहून अधिक की उणे, हे मोजतात. माळ्याखालच्या खोलीत एकट्याने तोच अलंकार वाजवणाऱ्या मुलाला अपेक्षेहून अधिक असे काय मिळणार? साथीला बसणाऱ्याला मात्र दर आवर्तनाला काही तरी नवे भेटते. माकडावरून माणसाकडे एवढी उडी मारताना जपून मारावी, हे मला ठाऊक आहे. पण दिशा बरोबर वाटते. आपल्या शाळांतून परिपाठाच्या वेळी प्रार्थना बहुधा ध्वनिमुद्रणावर होते आणि शाळेची पेटी कपाटात असते. शिक्षकांनी ती बाहेर काढून रियाज सुटलेल्या मुलांना आळीपाळीने तिच्यावर बसवून पहावे.

सुटलेला धागा

एकदा सुटलेला रियाज परत धरताना घात होतो तो पहिल्याच आठवड्यात. आपली ती मुलगी बत्तिसाव्या दिवशी १३ सेकंदांवर होती. परीक्षा आणि सुटी यांत तीन महिने गेले. पेटी खाली काढून तिने अलंकार वाजवला, तर समजा २० सेकंद लागले. तिच्या मनात १३ चा आकडा आहे, मिळाले २०. ‘सगळे गेले’ म्हणून पेटी पुन्हा वर!

वास्तविक ‘सगळे’ जात नाही. हरमान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवले की, निरर्थक अक्षरांची पाठ केलेली यादी महिन्याने आठवली नाही, तरी ती पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. त्याच्या मोजमापात ही बचत महिन्यानंतरही सुमारे पंचमांश होती. बोटांची कौशल्ये तर यादीपेक्षा पुष्कळच टिकाऊ असतात. सायकल दहा वर्षांनी घेतली तरी चालवता येते. तेव्हा परतणाऱ्याने २० ची तुलना १३ शी न करता पहिल्या दिवसाच्या ४० शी करावी, आणि पुढचे चार-पाच दिवस नुसती नोंद करावी. घसरण भरून काढण्याचा वेग पहिल्या शिकण्याहून अधिक असल्याचे नोंदवहीतच दिसेल.

सक्तीने थांबावे लागले तरी कान थांबत नाही, याचे उदाहरण कुमार गंधर्वांचे आहे. १९४८ च्या सुमारास क्षयाने गाठल्यामुळे ते हवापालटासाठी देवासला गेले आणि पुढे काही वर्षे त्यांना गाता आले नाही. वाद्याची गोष्ट निराळी. येथे तर फुप्फुस हाच भाता, आणि तोच अधू झालेला. १९४३ मध्ये शोध लागलेले स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नुकतेच उपलब्ध होऊ लागले होते. अंथरुणावर पडून ते माळव्यातील लोकगीते ऐकत राहिले. पन्नाशीच्या दशकात ते पुन्हा गायला लागले तेव्हा त्या धुनांतून उगवलेले नवे राग त्यांच्याजवळ होते.

किती वेळ बसावे, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. बर्लिनच्या संगीत विद्यालयातील व्हायोलिन शिकणाऱ्यांचा एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास ‘दहा हजार तासां’मुळे फार गाजला. त्यातील कमी गाजलेली गोष्ट अशी की, उत्तम विद्यार्थी मधे विश्रांती घेऊन थोड्या थोड्या वेळाच्या बैठका करीत आणि दुपारी झोपही काढीत. झोपेचे महत्त्व पुढे वेगळ्या प्रयोगाने कळले. वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ साली माणसांना बोटांनी आकड्यांचा एक क्रम ठोकायला लावला. रात्रीच्या झोपेनंतर, मधे काहीही सराव न करता, वेग सुमारे वीस टक्क्यांनी वाढलेला आढळला! तितकाच वेळ जागे राहिलेल्यांत अशी वाढ दिसली नाही. म्हणजे अडलेली जागा रात्री पंधरा-वीस मिनिटे सावकाश वाजवून झोपावे आणि सकाळी पहावे. परीक्षेच्या दिवसांतही एवढे जमण्यासारखे आहे.

राहता राहिली पेटी. माळ्यावरून काढलेली पेटी बहुधा खुद्दच आजारी असते आणि तिचा दोष मुलाच्या माथी बसतो. आधी भाता तपासा. सर्व पट्ट्या मोकळ्या ठेवून भाता भरा आणि घड्याळ लावून तो किती सेकंदांत उतरतो ते पहा. दुकानातील चांगल्या पेटीचा असाच वेळ घेऊन तुलना करा. वेळ फारच कमी भरला तर हवा गळते आहे आणि मुलाचा निम्मा दम नुसती हवा भरण्यात जातो आहे. मग एक पट्टी दाबून ऐका. दुहेरी सुरांच्या पेटीत एका पट्टीखाली पितळेचे दोन सूर बोलतात. त्यांत एक २४० चा आणि दुसरा २४३ चा झाला असेल, तर सेकंदाला तीन ठोके स्पष्ट मोजता येतील. मराठवाड्यातली धूळ सुराच्या जिभेखाली अडकली तर स्वर खरखरतो किंवा मुकाच होतो. पातळ कागदाची पट्टी जिभेखालून हलकेच सरकवून ती काढता येते. उतरलेला सूर मात्र कारागिराकडूनच लावून घ्यावा. तो जीभ टोकाशी अगदी किंचित घासतो तेव्हा तेथले वजन कमी होऊन स्वर चढतो. मुळाशी घासली तर जीभ लवचिक होऊन स्वर उतरतो. तो हे काम करीत असताना मुलाला शेजारी बसवून पाहू द्यावे.